सात वॉकीटॉकी आणि साबणाची डबी

तमाम जनतेस, विशेषतः शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या नागरिकांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की वॉकीटॉकीत चॅनेल भरणारा आमच्या भागातला पहिला घरगुती इंटरफेस शिरूर मुक्कामी, आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, हिरव्या साबणाच्या डबीत जन्माला आला. जन्मदाता मी. बेघर झालेला साबण बायकोनं महिनाभर वाटीत ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाटी दाखवली.

डबीत एक आयसी, चार कपॅसिटर आणि दोन वायरी. एक वायर काँप्युटरला, दुसरी सेटच्या बाजूच्या सॉकेटात. काँप्युटर बोलतो दणक्यात, सेटला झेपते कुजबुज. डबीनं मध्ये बसून दोघांचं जमवून द्यायचं. माझ्या स्वतःच्या जुन्या सेटवर तिची परीक्षा घेतली, तर पहिल्या फटक्यात पास. मी आरशात बघून मिशीला पीळ दिला.

त्या सुमारास दौंडकडच्या एका साखर कारखान्याला नवी फ्रिक्वेन्सी मिळाली. साहेबांच्या केबिनमधला मोठा सेट पुण्याहून भरून आला, पण ऊसवाहतुकीचे सात वॉकीटॉकी राहिले. तेही पुण्याला धाडले तर तीन आठवडे जाणार, आणि गाळप तर तोंडावर आलेलं. सेट नसले तर राहू गावच्या गाड्या निघाल्या की नाही आणि भांडगावच्या कुठं अडल्या, हे यार्डात कळायचं कसं? यार्ड सांभाळायचे आप्पा. ते साहेबांसमोर बोलून बसले की शिरूरचा आपला माणूस करतो, जबाबदारी माझी. स्टोअरमधून सातही सेट त्यांनी स्वतःच्या सहीवर उचलले. साहेब नुसतं 'बघू' म्हणाले. मागच्या हंगामात साहेब ज्याला 'बघू' म्हणाले होते, तो आता गोडाऊनमध्ये पोती मोजत होता.

गाळपाची पहिली मोळी पडायच्या आदल्या दिवशी मी डबी आणि माझा सेट पिशवीत घालून स्कूटरवर कारखान्यात पोचलो. टाइम ऑफिसातला काँप्युटर मस्टरच्या बाईंचा. त्यांनी तासाभरासाठी खुर्ची दिली आणि शेजारी उभं राहून पहारा दिला. मी पहिला सेट जोडला, बटण दाबलं. स्क्रीनवर उत्तर आलं: सेट प्रतिसाद देत नाही. दुसरा जोडला. तेच. सातव्यापर्यंत तेच.

"तुमच्या डबीत अजून साबण हाय का काय?" आप्पा म्हणाले. हसू मात्र त्यांना येत नव्हतं.

मी डबी उघडली, वायरी उलटसुलट केल्या, टाके पुन्हा मारले, काँप्युटरला दोष दिला. त्यावर बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते इथं लिहीत नाही. शेवटी सगळं पूर्ववत करून माझा स्वतःचा सेट जोडला. तो पोपटासारखा बोलला. म्हणजे डबी निर्दोष! आरोपी आप्पांच्या सेटांतच दडलेला होता. मी एक सेट खिडकीशी नेला, बाजूचं रबरी झाकण उचललं आणि भिंग लावलं. आत सगळं लालभडक.

"आप्पा, दसऱ्याला सेटांची पूजा कुणी केली?"

"म्याच की. का?"

"कुंकू कुठं लावलं?"

आप्पांची मान ताठ झाली. बाकीचे वरवर बोट टेकवून मोकळे होतात, पण आपल्याला तसली पूजा जमत न्हाई, असं म्हणून त्यांनी सविस्तर सांगितलं. कुंकू पाण्यात कालवलं, झाकणं उघडली आणि प्रत्येक भोकात मनोभावे भरलं. सांगता सांगताच त्यांच्या ध्यानात आलं. मान खाली आली.

"ह्ये सायबांच्या कानावर जाऊ देऊ नगा," ते हळूच म्हणाले. मी शपथ घेतली. बाईंनी मस्टरवर हात ठेवून घेतली.

मग प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि एक टूथब्रश. सातही सॉकेटं घासून काढली, वाळवली. पहिला सेट जोडला आणि त्याची जुनी माहिती सुरळीत वर आली. आता नवी लिहायची. लिहिता लिहिता वायर हलली तर सेट कायमचा मुका व्हायचा. मी बेधडक बटण दाबलं. आप्पांनी डोळे मिटले, बाईंनी पंखा बंद केला. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत टोकाला पोचली. झालं! एकामागून एक सातही सेट भरले.

उरली बोलून बघायची चाचणी. एक सेट घेऊन आप्पा वजनकाट्यावर गेले. मी बजावलं होतं की बटण दाबा, एक-दोन-तीन म्हणा, सोडा. इकडे टेबलावर सहा सेट चालू, आणि व्हरांड्यापलीकडे साहेबांच्या केबिनमधला मोठा सेट तर दिवसभर चालूच असायचा. मी टेबलावरच्या एका सेटवरून आप्पांना हाक मारली. ती त्यांना लख्ख ऐकू गेली असणार, कारण दुसऱ्याच क्षणी सहा सेटांतून आणि साहेबांच्या केबिनमधून आप्पांचा एकच आवाज घुमला:

"पावलास रं देवा! पुढल्या दसऱ्याला कुंकू झाकणावरच लावतो, आत न्हाई भरत!"