कौसावहिनीचा बांध

ज्येष्ठातली सकाळ होती. जिंतूरच्या स्टँडवर मी चहा घेत उभा होतो. परभणीहून आलेल्या गाडीतून कंडक्टर उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. तो आमच्याच गावचा. एरवी त्याचा जयभीम अख्ख्या स्टँडला ऐकू जायचा. त्या दिवशी त्यानं आधी माझ्या हातातली कपबशी काढून घेतली आणि मग हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, कौसाकाकू गेल्या. पहाटं... झोपीतच." मला रडू आलं नाही. मनात आलं ते भलतंच. आता कुर्डूची भाजी नेमकी कधी खुडायची, हे मी कुणाला विचारू? हे वहिनीला कळलं असतं तर ती पोट धरून हसली असती. "बगा, मेल्यावर बी माज्याकडं काम काढलंच का भाऊजी?" असं नक्की म्हणाली असती. गाडीत बसल्यावर मात्र आमच्या पिंगळीपर्यंत मी खिडकीतून तोंड आत घेतलं नाही.

कौसावहिनी माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आमची आई नुकतीच गेली होती. ती मला पहिल्या दिवसापासून "भाऊजी, तुमी" म्हणायची आणि तितक्याच आदरानं माझा कानही पिळायची. शिक्षण विचाराल तर सहीपुरतं. आज जिंतूरकडच्या गावांत मी रासायनिक खताशिवाय आणि फवारणीशिवाय शेती कशी करावी ते शिकवत हिंडतो. लोक म्हणतात, गुरुजी जपानात शिकून आले. जपानात गेलो होतो हे खरं आहे. पण निम्म्याहून जास्त शिकलो ते या बाईच्या मागं मागं बांधावरून चालताना.

ते सांगण्याआधी एक कडू गोष्ट सांगावी लागेल. नामांतराचं आंदोलन पेटलं त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीला गावानं काम बंद केलं. दुकानदार मीठसुद्धा देईना. तेव्हा वहिनी आणि वस्तीतल्या बाया रोज सकाळी ओढ्याकडे, गायरानात जायच्या आणि लुगड्याच्या ओच्यात तरोटा, कुर्डू, आघाडा भरून आणायच्या. आम्ही कित्येक आठवडे तेच खाल्लं, आधी तेलाशिवाय आणि नंतर मिठाशिवायही. पुढं दिवस पालटले, काम सुरू झालं. ज्या दिवशी घरात ज्वारीचं पोतं आलं त्या दिवशी दादा म्हणाला, "आता या चुलीवर रानातला पाला शिजायचा न्हाई. ढोरं खातेत ते माजे लेकरं खाणार न्हाईत." त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. वहिनीनंही मान हलवली. पण जिला रानातल्या पन्नासेक भाज्या नावानिशी, चवीनिशी ठाऊक होत्या, तिला त्या दिवसापासून स्वतःच्याच घरात त्यातलं काही बोलता येईना. तिला सगळ्यात चांगलं जे येत होतं, त्याचीच तिच्या नवऱ्याला लाज वाटत होती.

काही वर्षांनी एका संस्थेनं मला नऊ महिन्यांसाठी जपानात पाठवलं. खेड्यात राहायचं, शेतकऱ्याच्या घरी राबायचं आणि शिकायचं. वहिनीनं गावभर सांगितलं, "आमचे भाऊजी उकिरडा शिकायला इमानानं गेलेत." ते खोटं नव्हतं. यामागाताच्या डोंगरातल्या त्या घरात भाताचं काड, पालापाचोळा आणि कोंबड्यांची विष्ठा थरावर थर रचून खत करायचं, एवढं एकच काम मी दोन महिने केलं. त्या घरात एक म्हातारी आजी होती, कमरेत वाकलेली. बर्फ वितळलं की ती परडी घेऊन डोंगराकडे निघायची. नेच्याचे कोवळे कोंब, झाडांचे फुटवे, काय काय वेचून आणायची. घर चांगलं खातंपितं होतं, दारात ट्रॅक्टर उभा होता, आणि पाहुणा आला की त्याच्या पानात मानानं वाढायची ती रानातली भाजी! मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा घास हातातच राहिला. मला दादा आठवला.

आणि मग मी जो पराक्रम केला, तो आमच्या परभणीचाच माणूस करू जाणे. एकदा आजी ओढ्याकाठी बसून कसलीशी कातरलेली, करड्या-हिरव्या रंगाची पानं खुडत होती. मी पाहिलं आणि काळजात धस्स झालं. अगदी गाजरगवत! आमच्याकडे त्या गवतानं माझे हात कोपरापर्यंत सोलून निघालेले. मी मराठीतच ओरडलो, "आजी, टाका ते! अंगभर खाज सुटंल!" आणि तिच्या हातून परडी हिसकून ओढ्यात उपडी केली. आजी तोंडाचा आ करून बघत राहिली. ती योमोगी नावाची रानभाजी होती. तिच्या पानांचे हिरवेगार लाडू वर्षाच्या सणाला करतात आणि त्यासाठी ती सकाळपासून बसली होती. कळल्यावर घरातले सगळे इतके हसले की मलाही हसावं लागलं. दुसऱ्या दिवशी आजीनं पुन्हा पानं आणली आणि पहिला लाडू माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं कोंबला.

हे सगळं मी पत्रात लिहिलं. पुतणीनं ते वाचून दाखवलं आणि वहिनीनं ते पाच वेळा वाचून घेतलं म्हणे. तिनं सांगितलेलं उत्तर पुतणीच्या अक्षरात आलं: "भाऊजी, तिथल्या आजीला माजा जयभीम सांगा. परडी भरून द्या. आन तिला इचारा, खुडताना पयलं झाड सोडती का तोडती?" मी विचारलं. आजीनं सांगितलं, पहिलं दिसेल ते सोडायचं, ते डोंगराचं. वहिनीचाही नेम तोच होता, ती त्याला रानाचा वाटा म्हणायची. या दोघींची कधी गाठ पडली नाही. पण नंतर वहिनी त्या आजीबद्दल शेजारच्या आळीतली बाई असावी अशी बोलायची. "तिच्या गुडघ्याचं कसं हाय आता?" असं मला कितीदा विचारलं असेल.

परत आलो तेव्हा दादानं नुकताच पाठीवरचा फवारणीचा पंप घेतला होता आणि संकरित कापूस लावला होता. तो पंप तो रोज पुसायचा. मी बिनऔषधाच्या शेतीचं काढलं तेव्हाही तो पंपच पुसत राहिला. मग म्हणाला, "वड्याकडला अर्धा एकर घे. पर एक सांगतो, त्या बांधावरचं कायबी घरात आणायचं न्हाई." तो अर्धा एकर मी आणि वहिनीनं मिळून केला. मी जपानी पद्धतीनं खताचा ढीग रचला, तर सगळा गाव त्याला जपानी उकिरडा म्हणायला लागला. पहिल्या साली माझी ज्वारी दादाच्या ज्वारीच्या कमरेलाही लागली नाही. वहिनी शेताच्या बांधावर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, हितं जपानातल्या आजीवानी ज्वारी बी वाकून चाललीय व्हय?" तिसऱ्या वर्षी मात्र तूर अशी लगडली की हसणारेच शेंगा चाखायला येऊन उभे राहिले.

पण आमची खरी शाळा बांधावर भरायची. औषधाचा वास नसलेला तेवढाच एक बांध. "डोळे झाका आन हाताला इचारा," असं म्हणून ती माझ्या हातात पानं ठेवायची. तरोट्याचा दर्प, आघाड्याची खरखर, केन्याचा बुळबुळीतपणा... चुकलो की बोटांवर हलकीशी चापटी. उपटायचं नाही, नखानं शेंडा खुडायचा. फुलोरा दिसला की हात लावायचा नाही. मग तीन दगड मांडून ती तिथंच भाजी परतायची, लसूण आणि मिरची ओच्यात घेऊनच आलेली असायची. आम्ही भाकरीबरोबर खायचो आणि तवा ओढ्यात घासून घरी न्यायचो. दादाला कळत नसेल? वास काय लपतो! तो वहिनीकडे बघायचाही नाही. घराकडे निघालो की वहिनीचं हसणं ओढ्याजवळच मागं राहायचं, ते मला सलायचं.

आणि एका पावसाळ्यात जपानातून तीन पाहुणे आले, शिकून गेलेल्याची शेती बघायला. दादानं पांढराशुभ्र सदरा घातला. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा करायचं फर्मान निघालं. वहिनीला त्यानं बाजूला घेऊन बजावलं, "आज काय गडबड करू नगंस." अर्धा एकर बघून झाला. आम्ही बांधावरून परतत होतो तेव्हा पाहुण्यांतली यामागाताकडची एक बाई एकदम खाली बसली. जमिनीलगत पसरलेल्या घोळीचे लालसर देठ तिनं हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून काहीतरी भराभर बोलू लागली. मी सांगितलं, ही म्हणतेय, तिची आई ही भाजी वाळवून ठेवते आणि नव्या वर्षाच्या दिवशी मानानं शिजवते. मग तिनं दादाकडे बघून विचारलं, तुमच्या घरी ही खातात का?

मी भाषांतर केलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. दादा त्या देठांकडे बघत राहिला. मग घसा खाकरून तो म्हणाला, "सांग तिला... खातो म्हणावं. माजी बायको लय झ्याक करती." मी सांगायला तोंड उघडेपर्यंत वहिनी ओचा खोचून खाली बसलीही होती! त्या दुपारी मुगाची डाळ घालून केलेल्या घोळीपुढं शिरा तसाच राहिला. दादानं पहिला घास खाल्ला, मान खाली घालून सगळं संपवलं आणि ताट पुढं केलं. "अजून वाड," एवढंच म्हणाला. वहिनीच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. माझ्या आयुष्यातलं त्याहून गोड जेवण मला आठवत नाही.

त्यानंतरची सहा वर्षं तिची होती. आमच्या चुलीवर रानभाजी उजळ माथ्यानं शिजू लागली. वस्तीतल्याच नव्हे, गावातल्याही लेकी-सुना "काकू, हे खायचं का?" म्हणून ओंजळ पुढं करून दारात यायला लागल्या. कुणाची आई कधी आमच्यावर दार लावून बसली होती, हे तिला ठाऊक होतं. ती तरीही सांगायची, आणि चुकलं तर चापटीही सगळ्यांना सारखीच मारायची.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. श्रावण लागल्यावर मागच्या रविवारी मी घरी गेलो. दादाची सून म्हणाली, "मामंजी रोज सकाळी बांधावर जायलेत. टावेलात पाला घेऊन येतेत. निम्मं खायच्या कामाचं नसतं, पर म्या कायबी बोलत न्हाई." एवढ्यात दादा आला. ओसरीवर बसला, टॉवेल सोडला आणि सगळं पसरून एकेक जुडी वेगळी करू लागला. तीच तीच पानं इकडून तिकडं ठेवत होता. मी शेजारी बसलो. "इतके वर्सं ती सांगायला तयार व्हती," तो पानांकडेच बघत म्हणाला, "म्याच इचारलं न्हाई." मग त्यानं एक शेंडा उचलून माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, "केना." त्यानं डोळे झाकले, पान बोटांत चोळलं आणि स्वतःशी नाव पुटपुटलं. मग ते बाजूला ठेवून दुसरं उचललं.

"ह्ये?" तो म्हणाला.