कापसाच्या खोलीतले आवाज

२१ डिसेंबर. सकाळी दाट धुकं, नऊनंतर ऊन. वारा उत्तरेचा, अंगाला झोंबणारा.

किस्से आमच्याकडे कापसासारखे जमतात. आज एक गाठोडं, उद्या दुसरं. कोणी मुद्दाम साठवत नाही. मग एक दिवस खोलीचं दार लागेनासं होतं आणि कळतं, आता हे बाहेर काढायला हवं! माझी खोली या दोन महिन्यांत भरली.

बोरी अरबला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दर शनिवारी संध्याकाळी सहाला शटर अर्धं ओढून आम्ही चौघं बसायचो. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे शकीलभाई, तांड्यावरच्या अंगणवाडीतल्या कविता राठोड, मी आणि गावंडे सर. सर शाळेतून रिटायर झालेले. पुस्तक ते वाचायचे, आम्ही तिघं ऐकायचो.

मग काचबिंदूने सरांची नजर गेली. नदीकाठच्या एका गावाची कादंबरी अर्ध्यावर राहिली आणि सरांनी येणंच सोडलं. बोलवायला गेलो तर म्हणाले, "म्या येऊन काय करू? तुमचे तोंडं तरी दिसतात काय मले?"

दारापर्यंत सोडायला आलेल्या गावंडेकाकू हळूच म्हणाल्या, "घरात बी बोलत नाहीत भाऊ. दिवसभर नुसते बसून राह्यतात."

तेव्हा ठरलं. उरलेली कादंबरी आपण कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची, पेनड्राइव्हवर घालून सरांना द्यायची. सर ऐकतील, ऐकता ऐकता बोलतील, बोलले की येतील. एवढाच आमचा प्लॅन!

•

पहिलं रेकॉर्डिंग दुकानात केलं. ऐकलं तर त्यात पिठाची गिरणी होती, दोन बकऱ्या होत्या, एसटीचा हॉर्न होता. कादंबरी तेवढी नव्हती.

घरी केलं तर पंखा आला. पंखा बंद केला तर भिंतींमधून आवाज घुमून परत आला. शेवटी शकीलभाईंनी आमच्या कापसाच्या खोलीचं दार उघडलं, आत टाळी वाजवली आणि म्हणाले, "सुधाकरभाऊ, आवाजच नाही आला ना बे वापस!"

छातीएवढा कापूस भरलेला होता. त्यात खड्डा करून लॅपटॉप आणि माइक ठेवला. कापसाने अंगाला खाज सुटायची, शिंका यायच्या, पण आवाज असा स्वच्छ की विचारू नका!

शकीलभाई त्या दिवशी घरी गेले तर नातीने दारातच विचारलं, "दादा, सुबह तक तो काली थी, दाढी सफेद कैसे हो गई?"

•

स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो मीच. हेडफोन नव्हता, म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवरच लावला. मला वाटलं, ही फाइल दुसऱ्याच कोणाची आहे. मी असा बोलत नाही. असा जड, शब्दाशब्दाला थांबणारा आवाज माझा कसा असेल?

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन दारात आली. एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर पदर ओढलेला. घरात ती कधी पदर घेत नाही.

मला पाहून थबकली. आत वाकून पाहिलं. मग पदर खाली सोडत म्हणाली, "तुम्हीच हाय होय? मले वाटलं, मामाजी."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे बाबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी ती फाइल पुन्हा लावली. ती चहा विसरून दारातच उभी राहिली.

•

शकीलभाईंचं सगळं आयुष्य चालू मोटारीशेजारी गेलं. वाचायला बसले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची लाट दिसायची तिथे भिंतच उभी राहिली! गोष्टीत आई बाळाला निजवते असा प्रसंग होता. भाईंनी तो असा वाचला की बाळ काय, गाव उठलं असतं.

ऐकवलं. भाई म्हणाले, "मी घरी बी असाच बोलतो काय हो?"

कविताताई म्हणाल्या, "घरी कसे बोलता ते नाही मालूम, पन तुमी घरी काय बोलले ते तांड्यावर मालूम पडते!"

भाईंनी तिथूनच भाभींना फोन लावला. अगदी हळू, मऊ आवाजात म्हणाले, "सुनो, आने में जरा देर होगी. तुम खाना खा लेना."

पलीकडून भाभी घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या, "या अल्ला! कौनसे दवाखाने में हो?"

•

कविताताईंचा आवाज जाड आहे. फोनवर लोक त्यांना "भाऊ, जरा मॅडमले द्या ना" म्हणतात. त्यांनी एक प्रकरण वाचलं, दोन मिनिटं ऐकलं आणि कान झाकून घेतले.

"हे पुसून टाका. माह्या भावानं वाचल्यासारखं वाटून राह्यलं."

"राहू द्या ना ताई."

"पोरायसमोर गाते मी याच आवाजात! काहून कोनी सांगतलं नाही मले?"

मी पुसलं नाही. बाकीच्या फाइलींबरोबर तीही पेनड्राइव्हवर गेली; आम्ही कापसात बसून वाचतो, तेही काकूंना सांगितलं. चार दिवसांनी आम्ही कापसाच्या खोलीत असतानाच काकूंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"सुधाकरभाऊ, तुमचं अन् शकीलभाऊचं लावलं का ह्यायले झोप लागते. कविताचं लावलं का उठून बसतात. तिचंच धाडा आता."

कविताताई पुस्तक माझ्या हातातून ओढून घेत म्हणाल्या, "सरका तिकडं. खड्ड्यात जागा द्या."

•

कादंबरीची शेवटची तीन प्रकरणं उरली होती आणि व्यापाऱ्याची गाडी दारात आली. भाव बरा होता. कापूस गेला, खोली झाडून घेतली आणि आम्ही त्याच खोलीत सतरंजीवर बसून पुढचं रेकॉर्ड केलं. आम्हाला तिघांनाही फरक कळला नाही. वाचायच्या नादात होतो.

पेनड्राइव्ह पोचला त्याच संध्याकाळी फोन वाजला. काकूंचा नंबर. पण बोलत होते सर! स्वतः!

"कापूस इकला काय रे?"

"हो सर. कोणी सांगितलं?"

"कविताचा आवाजच सांगून राह्यला दोन प्रकरनांपासून. विहिरीत बसून वाचल्यासारखं वाटते." मग म्हणाले, "माही खोली भरेल हाय अजून. मंगळवारी इकडंच या तिघं. अन् शकीलले सांग, पाय धुऊन चढजो कापसावर."

•

मंगळवारी गेलो. सर कापसात मांडी घालून आधीच बसले होते. शेवटचं प्रकरण होतं. एवढं तरी आपण वाचू म्हणून शकीलभाई वाचायला लागले. नावाडी मुलीचा निरोप घेतो तो प्रसंग. सरांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"थांब. तो नावाडी भांडून नाही राह्यला लेका, जाऊन राह्यला. कविता, तू माह्या कानात सांग. एकेक वाक्य. मी म्हनतो."

मी बटण दाबलं. ताई कानात पुटपुटत होत्या, सर म्हणत होते. सुरुवातीला अडखळले. मग आवाज लागला. शनिवारचाच आवाज, थोडा हळू झालेला. शकीलभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. म्हणाले, कापूस गेला डोळ्यात.

प्रकरण संपलं. या वेळी दोन हेडफोन आणले होते; एक सरांना लावून दिला, दुसरा मी लावला. सर स्वतःचा आवाज ऐकायला लागले. मान खाली, बोटं कापसात.

ताईंचं पुटपुटणं माइकमध्ये आलं होतं, ते मला अपेक्षित होतं. पण आणखी काहीतरी होतं. सरांचं वाक्य संपलं की मागे, लांबून, एक बारीक आवाज.

"हूं."

पुढचं वाक्य. पुन्हा, "हूं."

दार उघडून पाहिलं. काकू उंबऱ्याशी तुरी सोलत बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून सर रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, तेव्हा त्या असाच हुंकार द्यायच्या. नजर गेल्यापासून तेही बंद होतं. आपण आत्ता हुंकार देत होतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी म्हणालो, "सर, ताईंचं बोलणं काढून टाकतो. काकूंचा आवाजही काढता येईल."

सरांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर घट्ट धरला.

"कविताचं काढ," म्हणाले. "तिच्यावालं नको काढू."

काल शनिवार. सर सहा वाजता दुकानात आले. काकू सोबत होत्या. पाच खुर्च्या लागल्या.