मंतरलेले तांदूळ

"चावा. आणि ह्या कागदावर थुंका."

मॅनेजरसाहेबांनी घरून मंतरलेले तांदूळ आणले होते. अंबरनाथच्या एमआयडीसीतली आमची छोटी फॅक्टरी, मी साबणाच्या वड्या पॅक करायचे. बेसिनवर काढून ठेवलेली साहेबांची अंगठी गेली होती. ज्याच्या तोंडात तांदूळ कोरडे राहतील तो चोर, असा त्यांच्याकडचा रिवाज. रांगेत कोण? झाडूवाली नंदा आणि पॅकिंगच्या आम्ही बाया. बेसिन ऑफिसातलं, पण ऑफिसातलं एकही माणूस रांगेत नव्हतं.

मी चावले. चाळिशी उलटलेली बाई मी, दोन लेकरांची आई. कागदावर थुंकले तर कोरडं पीठ पडलं. भीतीनं कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं का? साहेब म्हणाले, "बघा. देवच बोलला."

माझ्या आजोबांनी देव सोडले. तरी ह्यांच्या देवाचा निकाल माझ्याच डोक्यावर.

कंपनीच्या जीपमधून मला पोलीस स्टेशनात नेलं. साहेबांना खुर्ची आणि चहा. मला भिंत. हवालदारानं विचारलं, "पूर्ण नाव?" सांगितलं. आडनाव ऐकून तो साहेबांकडे बघून हसला. ते हसू मी शाळेपासून ओळखते.

"कुठं ठेवलीस? चूक झाली म्हणून लिहून दे, इथंच मिटवू."

आईची शिकवण होती, साहेबानं विचारलं की लगेच बोलायचं, गप्प बसणाऱ्याला चोर समजतात. आमच्या घरात सगळे तसेच. एक विचारलं तर दहा सांगणार आणि बोलून बोलून स्वतःलाच अडकवणार. माझ्याही ओठांवर आलं होतं, नाही हो साहेब, मी तर डबा खात होते, आईशप्पथ.

पण मी दमले होते. खरं सांगते, ते धाडस नव्हतं. जन्मभर जाबच देत आले. चिखलोलीला भाड्याचं घर बघायला गेले तरी आधी आडनावाचा जाब. कंटाळा आला होता.

आणि मला वकीलताई आठवल्या. उल्हासनगरच्या कोर्टातल्या. एका रविवारी विहारात येऊन त्यांनी सांगितलं होतं, पोलिसांना नाव-पत्ता सांगा, पण स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही. वकील मागा. बाईला तर चौकशीसाठी स्टेशनात बोलावताच येत नाही, त्यांनी घरी यायचं. राज्यघटना आम्ही मिरवणुकीत डोक्यावर घेतो. तिच्यात माझ्या गप्प बसण्याचीही सोय केलीय, हे मला त्या दिवशी कळलं होतं.

मी म्हणाले, "माझ्या वकीलताई येईपर्यंत मी काही बोलणार नाही."

"चोरी नाय केली, तर वकील कशाला गं?"

गप्प.

"पिच्चर लय बघते वाटतं ही."

गप्प.

साहेब ओरडले, "उत्तर दे!"

गप्प. रडू येत होतं. बोलणं सोपं होतं हो, बोलले असते तर हलकं वाटलं असतं. पण तोंड मिटून उभी राहिले.

नंदा मागोमाग रिक्षानं आली होती. त्या रविवारी विहारात तीही होती, ताईंचा नंबर तिच्याकडे होता. तिनं बाहेरून ताईंना फोन लावला. ताई आल्या, आवाज न चढवता म्हणाल्या, "यांना अटक केलीय का? नसेल, तर कुठल्या कायद्यानं इथं आणलंत?" साहेबांनी कप तोंडाला लावला, तो कधीच रिकामा झाला होता. ताई मला घेऊन बाहेर पडल्या.

अंगठी सापडली की नाही, मला माहीत नाही. मला कामावरून काढलं. आता बदलापूरला जाते, पगार कमी आहे. जुन्या फॅक्टरीतल्या बाया भेटल्या की अजून नजर चुकवतात. ताईंनी साहेबांविरुद्ध तक्रार लिहून दिलीय, तिच्यासाठी खेटे घालते.

आई म्हणते, "बोलली असतीस तर नोकरी राहिली असती."

नाही आई. पोलीस स्टेशनात गप्प बसले, त्याचं मला काही वाटत नाही. फॅक्टरीत तांदूळ चावायला तोंड उघडलं, त्याची आग अजून होते. माझ्या पोरीला मी हेच सांगितलंय. पुन्हा कुणी तांदूळ पुढे केले तर मी हात पुढे करणार नाही. एवढंच म्हणणार, आधी तुम्ही चावा, साहेब.