कुकरच्या शिट्टीतली मंडळी

मिरजेच्या स्टँडवर बस सुटायला आली, तेव्हा अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. अण्णा, माझे वडील, तिथल्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समाजाचे, एल्डर. थोडक्यात आवरणं त्यांना जमत नाही. माझी नोकरी, विमान, एवढंच काय, बसचे ब्रेकसुद्धा त्यांनी देवाच्या स्वाधीन केले. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता. आमेन म्हणून डोळे पुसत ते म्हणाले, "तिथं आधी मंडळी शोध. खोली मग बघ."

शोधावं लागलंच नाही. दोहाच्या विमानतळावर योहानकाका न्यायला उभे होते. दोहाबाहेरच्या मेसईदच्या खत कारखान्यात फोरमन, मूळचे आमच्याच तालुक्यातले. पहिल्या शुक्रवारी त्यांच्या कंपनी क्वार्टरमध्ये गाणी म्हटली, प्रार्थना झाली आणि मार्थाकाकूंचा वरणभात मी तीनदा वाढून घेतला.

गावाकडच्यांना सांगायला हवं, आता आम्ही चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये जमतो. इथल्या नियमानं बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. आमच्या आधी मल्याळी मंडळी, आमच्यानंतरची दारात ताटकळलेली. आम्ही प्रेसबिटेरियन, म्हणजे बिशप नाही. मंडळीनं निवडलेले एल्डर आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळून कारभार बघतात. पाळकसाहेब वर्षातून एकदा भारतातून येतात. एल्डर दोघंच: काका आणि, हसायचं तर हसा, मी. "कोण तयार आहे?" असं विचारलं, तेव्हा मी एसी कमी करा म्हणायला हात वर केला होता.

यंदा मंडळीच्या वाढदिवसाला इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तो आवाज लावून वाचला: "आपल्या मंडळीचा उगम अल मुंतझातल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये झाला." दोहातला तो फ्लॅट अर्थात माझा, मधे आम्ही तिथं जमायचो. टाळ्या पडल्या. काका समोसा तसाच ठेवून निघून गेले. मेसईदचा तो शुक्रवार मी जेवणात धरला होता, इतिहासात नाही.

त्यानंतर काका फोन उचलेनात. विरघळतील, म्हणून मीही सोडून दिलं. पण प्रभुभोजनाचा, पाळकांच्या हस्ते भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, शुक्रवार जवळ आला आणि पाळकसाहेबांनी फोनवर बजावलं, "दोन एल्डरांत अबोला असेल, तर मी भोजन देणार नाही." काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. पुढच्या महिन्यात ते कायमचे परत निघणार. त्यांचं इथलं हे शेवटचं भोजन, आणि ते माझ्या बढाईखोरपणामुळे बुडणार.

आदल्या संध्याकाळी मेसईदची बस धरली. दार काकूंनी उघडलं. "सलाम काकू," म्हणत मी आत शिरलो, आमच्यात नमस्काराऐवजी सलामच असतो. काका खोक्याला चिकटपट्टी लावत होते.

"आता काय लिहायला आलास?"

"चुकलो, काका."

"इतिहास सगळ्यांसमोर वाचलास. इथं चोरून चुकलो म्हणतोस व्हय?"

काकूंनी पाणी दिलं आणि त्या सांगू लागल्या. मी यायच्या आधी, पहिल्या वेळी या खोलीत पाच माणसं होती. कुणी काही म्हटलं नव्हतं, परक्या मुलखात भीती आपलीच. पडदे ओढले, आणि गाणं बाहेर जाऊ नये म्हणून काकूंनी कुकर चढवला. शिट्टी झाली की मोठ्यानं गायचं, थांबली की हळू. "डाळीचा पार लगदा व्हायचा. तोच तू आवडीनं खाल्लास बाबा."

काका हसले नाहीत.

शुक्रवारी पाळकसाहेबांनी भोजनाआधी आम्हा दोघांकडे पाहिलं. काका बाकावर दगडासारखे. दाराबाहेरच्यांची चुळबुळ ऐकू येत होती. मी उभा राहिलो. "मी वाचलेला इतिहास खोटा होता. आपली मंडळी मेसईदला, योहानकाकांच्या घरी, कुकरच्या शिट्टीत सुरू झाली." लगद्यासकट सगळं सांगितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल. काका उठले, मेजापाशी आले, भाकरीचं ताट स्वतः उचललं आणि प्याल्यांचा ट्रे माझ्या हातात दिला.

"सांडू नकोस," एवढंच म्हणाले.

मागच्या आठवड्यात त्यांना विमानतळावर सोडलं. मी त्यांचे हात धरून प्रार्थना सुरू केली आणि थांबताच येईना. प्रार्थनेत विमान आलं, काकूंचे गुडघे आले, मिरजेचा रस्ता आला. मागचा टॅक्सीवाला हॉर्न बडवत 'चला लवकर' अशा अर्थानं अरबीत ओरडला, "यल्ला, यल्ला!"

डोळे मिटलेले होते, आणि क्षणभर मला खरंच कळेना, मी कुठल्या स्टँडवर उभा आहे आणि काका आणि मी, दोघांपैकी घरी कोण चाललंय.