दोन दारांचा तंबू

मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून सासरी पत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं. सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही अशी आमच्यात रीत. सासरे ओसरीवर बसायचे आणि मी डोक्यावर पदर ओढून दाराच्या आत. पत्र वाचताना तेवढा माझा आवाज त्यांना ऐकू जायचा.

नवरा फौजेत. कोरियातली लढाई थांबल्यावर तिथल्या कैद्यांवर पहारा द्यायला आपली फौज बोटीनं गेली, त्यात तेही गेले.

त्या हिवाळ्यात माझ्या आईचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. भाऊ मला न्यायला दोनदा आला आणि दोनदा सासरे शेतात असताना सासूनं त्याला वाटेला लावलं. मला म्हणाली, "कापसाची वेचणी टाकून गेली तं वापस येऊ नोको." सासऱ्यांनी हो म्हटलं असतं तर तिचं काही चाललं नसतं. पण त्यांना सांगायचं कोणी आणि कसं?

तिसऱ्यांदा भाऊ आष्टीचा बाजार करून आला. त्याच दिवशी पत्र आलं होतं. तो ओसरीवर सासऱ्यांजवळ बसला आणि मी वाचू लागले.

"इथं तारेचं कुंपण आहे. आत तंबूच तंबू. बादलीतलं पाणी सकाळी दगड होतं. कैदी पत्र्याचे डबे बडवतात, आमच्यावर गोटे फेकतात. एकेकाला धरून एका तंबूत नेतो. तिथं त्याच्या देशाची माणसं त्याला घरी चल म्हणतात. तंबूला दोन दारं आहेत. एक घरी जायचं, दुसरं परत कुंपणात यायचं. बहुतेक जण कुंपणातच येतात."

"घरी जात नाई?" सासू म्हणाली. "पागल आहेत का बाप्पा!"

मी पुढं वाचलं, "कैद्यांत त्यांचेच मुखिया आहेत. घरी जातो म्हणेल त्याला ते रात्री मारतात. तंबूत मुखिया नसतो, तरी माणूस त्यानं शिकवलेलंच बोलतो. खरं कोणाच्या मनात काय, आम्हाला कळत नाही."

सासऱ्यांनी भावाकडे पाहिलं. मग दाराकडे वळले.

"सूनबाई, तुले जाचं का माहेरी? बोल. मी इचारून राह्यलो."

लग्न झाल्यापासून ते पहिल्यांदाच मला काही विचारत होते. सासू माझ्याजवळच बोंडातून कापूस काढत बसली होती. तिचा हात थांबला नाही. मान वर न करता म्हणाली, "सांग ना वं. बुढ्यानं पुसलं तुले."

भाऊ संध्याकाळी निघून जाणार होता. मला तिच्याच घरात राहायचं होतं.

"नाई," मी म्हटलं.

"मायनं तुहं नाव घेऊ घेऊ रडणं लावलं आहे, बाई," भाऊ म्हणाला.

"तिलेच नाई जाचं तं मी काय करू?" सासरे म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं. भल्या माणसांना असं लवकर खरं वाटतं.

सासूनं भावाच्या दुपट्ट्यात तुरीच्या शेंगा बांधून दिल्या. मी राहिलेलं पत्र वाचलं. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आई माघात गेली. तेव्हा सासूनं सासऱ्यांनाही न विचारता माझ्यासाठी गाडीला बैल जुंपायला लावले.