आमचा दिन्या गोलकीपर झाला तो बिबड्यांपायी

काल देवपूरला भावाच्या गच्चीवर बिबडे घालत होते आणि आमची नात तिथेच चेंडू घेऊन आली. मी ओरडले, "मागे हो गं, ओले आहेत अजून!" ...आणि एकदम माझा दिन्याच डोळ्यांपुढे उभा राहिला. म्हटलं, आज लिहूनच टाकू. चौथी शिकलेली बाई मी, एकेक अक्षर शोधत लिहिते. चुकलं तर हसा, पण वाचा.

दिन्या म्हणजे माझा धाकटा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा दीपनगरला, पॉवर स्टेशनच्या कॉलनीत राहायचो. क्वार्टरपुढे अंगण, आणि अंगणाला लागून पोरांचं फुटबॉलचं ग्राउंड... सगळा घोळ तिथूनच.

उन्हाळा लागला की आमच्याकडे बिबडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते... ज्वारीचं पीठ शिजवायचं, ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापायचं, ताटाएवढं, आणि खाटेवर धोतर पसरून पापडासारखं वाळत घालायचं. आज माझ्याकडे, उद्या शेजारच्या सुमनअक्काकडे, अशा आम्ही बायका मिळून करायचो. सुमनअक्काचा हात इतका हलका की तिच्या बिबड्यातून पलीकडचं दिसायचं! तर एवढं पहाटेपासून खपायचं आणि वरून धप्पकन चेंडू येऊन पडायचा. जीव जायचा हो.

म्हणून मी दिन्याला खाटेपुढे उभं केलं. म्हटलं, "एक बी बिबडा मोडला तर आज जेवण नाही." पोरगं सुट्टीभर तिथेच. चेंडू आला की छातीवर घ्यायचा, आडवा पडून घ्यायचा... आणि अडवला की आधी मागे वळून बघायचा. बिबडे शाबूत आहेत ना! मी आतून म्हणायची, "शेतस रे, शेतस," म्हणजे आहेत, आहेत.

कॉलनीत एक नाना होते. ड्यूटी सुटली की पोरांना फुटबॉल शिकवायचे. एक दिवस कंपाउंडशी येऊन म्हणाले, "अक्का, तुमच्या खाटेपुढचा गोलकीपर मला द्या."

मी म्हटलं, "आधी वाळू द्या, मग न्या."

नेला त्यांनी. पुढे दिन्या जिल्ह्याच्या टीममध्ये गेला. पण आमच्या ह्यांना काही पटेना... "चेंडू अडवायचा कोणी पगार देतं का?" तेवढ्यात कळलं की मुंबईच्या एका क्लबचे साहेब गोलकीपर शोधत देवपूरच्या ग्राउंडवर मॅच बघायला येणार. ह्यांनी सांगून टाकलं, "त्यांनी घेतला तर जा. नाही घेतला तर सोमवारपासून आयटीआय, मग फुटबॉलचं नाव काढायचं नाही." दिन्या हो म्हणाला.

देवपूर माझं माहेर. मीही एसटीत बसले आणि गेले. वहिनीने भरीत-भाकरी बांधून दिली होती, ती तशीच राहिली.

मला खेळातलं काय कळणार! बघते तर सगळी पोरं पळताहेत आणि माझंच एकटं उभं. मी नानांना म्हटलं, "याला का खेळू देत नाहीत?" नानांनी कपाळाला हात लावला.

मग आला चेंडू. दिन्याने असा काही सूर मारून अडवला की लोक उठून उभे राहिले... आणि आमचे महाराज वळून मागे बघताहेत! चेंडू पुढ्यातच पडलेला. समोरच्या पोराने हळूच आत ढकलला. गोल.

साहेब आमच्या पुढेच बसलेले. नानांना म्हणाले, "हात सोन्याचे आहेत. पण हा मागे काय बघतो? ही खोड घेऊन मी काय करू?"

अख्ख्या ग्राउंडवर तो काय बघतोय ते मला एकटीला माहीत.

मॅच संपत आली तसा पुन्हा चेंडू आला, पहिल्यापेक्षा जोरात. दिन्याने अडवला, हातातून निसटून पुढे पडला... आणि त्याची मान वळायला लागली. मी पदर खोचला, उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "बठ्ठा बिबडा उचली लिनात रे! पुढे देख, पुढे!"

म्हणजे, बिबडे सगळे उचललेत, तू पुढे बघ. सगळं ग्राउंड हसलं... पण पोराची मान अर्ध्यातच थांबली. समोरच्याचा पाय पोचायच्या आत झेप घेऊन त्याने चेंडू पोटाशी धरला!

साहेबांनी वळून विचारलं, "बाई, काय ओरडलात?" मी सगळं सांगितलं, खाटेपासून. इतके हसले की चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ही खोड मोडायला मला अख्खा सीझन लागला असता. तुम्ही एका हाकेत मोडली. पाठवा मुंबईला."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग बूट चांगले घ्यावे लागतील." बस, एवढंच. पण बूट आणायला स्वतः गेले.

मुंबईला सुरुवातीला नुसता बाकावर बसायचा, एकदा बोटही मोडून घेतलं... पण टिकला. आणि एक दिवस मॅच टीव्हीवर! आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सुमनअक्का तर टीव्हीसमोर ओवाळणीचं ताट घेऊन बसलेली. दिन्याने एवढे चेंडू अडवले, एकदाही मागे पाहिलं नाही.

शेवटची शिट्टी झाली. जिंकले! सगळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारताहेत, आणि माझ्या पोराने... हळूच मागे वळून पाहिलं. रिकामी जाळी.

बाकी कोणाला काही कळलं नाही. मी मात्र टीव्हीला हात जोडले आणि म्हटलं, "शाबूत शेतस रे भाऊ... बठ्ठा शाबूत शेतस."