माजी की माझी

गोंदियाला उतरलो. "वो फौजी का पुतला? बैठो," रिक्षावाला म्हणाला. इकडे मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच येतं. शहर संपताच दोन्हीकडे बांध्या (धानाचे बांध घातलेले तुकडे) सुरू झाल्या. कामठ्याला टपरीवर लाखोरीचे (इकडच्या एका डाळीचे) वडे खाल्ले. इतके जहाल की पुढचा चहाही तिखट लागला.

पलीकडच्या एका गावात, चौकात तो पुतळा आहे. सोनेरी रंग, हातात बंदूक, मिशा जरा जास्तच भरघोस. चौथऱ्यावर ठळक अक्षरांत 'माझी सैनिक स्मारक'. अरे देवा! निवृत्त सैनिक ते 'माजी', 'माझी' नव्हे! मास्तरकीत जन्म गेला माझा, असलं काही दिसलं की डोकंच फिरतं.

चूक सुधारायला पेंटर आला होता, पण त्या 'झ'ला पाठ टेकून एक म्हातारी बसली होती. शेजारी उभे होते गावातलेच निवृत्त सुभेदार.

"वैनी, उठ न. काऊन अडून राहिली?"

"नाही उठत."

मी चौकशी केली. तिची मुलगी फौजेत होती. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत कोसळली, त्यात गेली.

"रिटायर नव्हती, म्हणून माजीत नाही बसत," सुभेदार ओशाळून म्हणाले. "लढाईत नाही गेली, म्हणून शहिदांत नाही. नाव कुठं टाकू, सांगा जी."

म्हातारी माझ्याकडे वळली. "इथं 'माझी सैनिक' लिवलं हाय. माझीच होती ना जी? मंग पुसता कायले?"

 

 सुभेदार पेंटरला म्हणाले, "डब्बा बंद कर."

"अहो, लोक हसतील," मी म्हणालो. सवय, दुसरं काय!

"हासू द्या. आमी घरी आलो, म्हणून माजी झालो. वैनीची पोरगी आलीच कुठं?"

म्हातारी उठली. पदरानं तिनं चौथरा पुसला आणि घराकडे निघाली.

निघताना काढलेला पुतळ्याचा फोटो परतीच्या गाडीत पाहिला. शुद्धलेखन चूकच आहे, त्यात वाद नाही. घरी दाखवीन तेव्हा कुणीतरी शहाणा नेमका त्यावर बोट ठेवील. ठेवू दे. मी त्याच्याशी भांडणार आहे.